अठरा ते पंचवीस : मराठवाडा विद्यापीठाच्या मैदानाची कहाणी

(संभाजीनगर येथे क्रीडाशिक्षक व पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विद्यापीठाचा इतिहास लिहिताना कुलगुरूंची नामावली येते, कोनशिलांच्या तारखा येतात, विभागांची आणि संशोधनाची यादी येते. मैदानाला त्या ग्रंथात फार तर अर्धे पान मिळते, तेही शेवटी, छायाचित्रांच्या जवळपास. आजच्या विषयाची निवड याच कारणाने झाली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्रीडा परंपरेचा विचार करताना चषकांची मोजदाद करणे सोपे आहे. त्याहून अवघड प्रश्न वेगळा आहे. या भूमीत जन्मलेला गुणी खेळाडू वयाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे बारावी झाल्यावर, नेमका कुठे जातो? विद्यापीठीय स्पर्धांना वयाची मर्यादा पंचविसाची. अठरा ते पंचवीस ही सात वर्षे विद्यापीठाच्या हातात असतात. या सात वर्षांचे आपल्या विद्यापीठाने काय केले, हे आज पाहायचे आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

निजामी राजवटीतील आखाडा

मराठवाडा हा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९२३ साली या शहरात इंटरमिजिएट कॉलेज निघाले. पुढची पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे, कारण विद्यापीठ एकच होते, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया. तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि खेळ राजधानीचे होते, म्हणजे क्रिकेट, हॉकी, फुटबॉल. त्या मैदानांचा दर्जा उत्तम होता, हे मान्य केले पाहिजे. १९५१ आणि १९६२ अशी दोन आशियाई सुवर्णपदके भारतीय फुटबॉल संघाला मिळवून देणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे उस्मानियाचेच विद्यार्थी आणि तेथल्याच संघाचे खेळाडू. परंतु बीडच्या किंवा परभणीच्या मुलाच्या वाट्याला ती मैदाने क्वचितच आली.

त्याच्या वाट्याला आली गावची तालीम, हुतुतूचे अंगण आणि जत्रेतली कुस्ती. या तालमीवरही सरकारची नजर होती. संस्थानात खासगी शाळा काढायची किंवा आखाडा सुरू करायचा तर सरकारी परवानगी लागत असे. १९३८-३९ च्या सत्याग्रहात आर्य समाजाने ज्या तक्रारी मांडल्या, त्यांत आखाड्यांवरील बंधनांची तक्रार ठळक होती. लाल मातीत दंड-बैठका काढणाऱ्या तरुणांचे राज्यकर्त्यांना भय वाटावे, यातच तालमीचे सामर्थ्य दिसते. १९३८ सालीच वंदे मातरम् म्हणण्यावरून या शहरातील कॉलेजचे आणि उस्मानियाचे विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे प्रवेश देऊन त्यांचे शिक्षण वाचवले. मराठवाड्यातील विद्यार्थी आणि विद्यापीठ यांचे नाते सुरुवातीपासून असे दूरचे, प्रवासाचे आणि परवानगीचे राहिले.

१९४८ च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. नागसेनवनात वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहे आली. खेळाच्या दृष्टीने वसतिगृहाचे महत्त्व फार मोठे आहे. खेड्यातला मुलगा शहरात राहू लागला, तरच त्याला पहाटे पाच वाजता मैदान मिळते. एस.टी.ने ये-जा करणाऱ्या मुलाची पहाट आणि संध्याकाळ रस्त्यातच संपते.

विद्यापीठ आले, संघ उभे राहिले

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. ते मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव राहिलेले, त्यामुळे विद्यापीठाचा गाडा कसा चालतो हे त्यांना नेमके ठाऊक होते. मुंबईकडे तेव्हा शतकाचा अनुभव होता. १९५६-५७ साली आंतरविद्यापीठ क्रीडा स्पर्धांत सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठासाठी मौलाना अबुल कलाम आझाद चषक सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो मुंबई विद्यापीठाने नेला. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया चषक तर १९३५-३६ पासून चालू होता. अशा जुन्या, धनिक आणि जिमखान्यांनी समृद्ध विद्यापीठांच्या रांगेत शेवटी येऊन उभे राहिले ते पाच जिल्ह्यांचे मराठवाडा विद्यापीठ. लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी सातशे एकरांहून अधिक जमीन त्याला मिळाली. जमिनीची उणीव या विद्यापीठाला कधीच नव्हती, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

विद्यापीठाचा संघ कसा बनतो, हे पालकांपैकी अनेकांना माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगणे इष्ट. पावसाळा सरला की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू होतात. एकेका महाविद्यालयाकडे एकेका खेळाचे यजमानपद जाते. तेथे निवड समिती खेळाडू हेरते, निवडलेल्यांचे काही दिवसांचे सराव शिबिर होते, गणवेश मिळतो आणि संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघतो. तेथून वरचे क्रमांक मिळवणारे अखिल भारतीय स्पर्धेत जातात. कबड्डीचा संघ म्हणजे बारा मुले. ही मुले बहुधा निरनिराळ्या महाविद्यालयांतील, निरनिराळ्या गावांची. शिबिरात प्रथमच एकत्र आलेली ही मुले दोन आठवड्यांत संघ बनतात आणि वर्षभर एकत्र सराव करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांपुढे उभी राहतात. यात हार झाली तर नवल नाही, जिंकली तर नवल.

तरीही ती जिंकत आली, याचे मुख्य कारण खेळांची निवड. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९६१ मध्ये विद्यापीठांच्या क्रीडा मंडळाने कबड्डीला आपल्या स्पर्धांत स्थान दिले. मराठवाड्याच्या दृष्टीने ही घटना फार महत्त्वाची होती. टेनिसचे कोर्ट किंवा जलतरण तलाव नसलेल्या तालुक्याच्या गावाला आता विद्यापीठाच्या स्पर्धेत मानाने उतरता येऊ लागले. कबड्डीला आखलेली जमीन लागते, खो-खोला दोन खांब, कुस्तीला खणलेली माती. साधनांचा खर्च नगण्य, कस मात्र पूर्ण लागतो. देवगिरी महाविद्यालय १९६० चे, सरस्वती भुवनचे महाविद्यालय १९६३ चे. साठच्या दशकात जिल्ह्याजिल्ह्यांत अशी महाविद्यालये निघाली आणि प्रत्येक ठिकाणी एक शारीरिक शिक्षण संचालक आला. विद्यापीठाची क्रीडा परंपरा खरे तर या माणसांनी उभी केली. चुन्याची फक्की हातात घेऊन स्वतः मैदान आखणारे, संघाबरोबर आरक्षणाविना रेल्वेत उभे राहून जाणारे, हरलेल्या मुलांना स्वतःच्या खिशातून जेवू घालणारे हे शिक्षक. त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत.

१९७८ ते १९९४ हा कालखंड विद्यापीठासाठी वादळी ठरला. नामांतराच्या प्रश्नावर समाज दुभंगला, दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. त्या वेदनेचा तपशील हा आजचा विषय नाही. परंतु मैदानाच्या संदर्भात एक गोष्ट सांगावीशी वाटते. कबड्डीत चढाईपटूला रोखायचे तर बचाव करणाऱ्यांना एकमेकांचा हात धरून साखळी करावीच लागते. शेजारच्याचे आडनाव काय, हे पाहून हात धरता येत नाही, आणि सुटलेला हात म्हणजे गमावलेला गुण. त्या सोळा वर्षांत समाजाने जे वारंवार सोडले, ते खेळाच्या नियमाने मैदानावर धरायला लावले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन नांदेड, लातूर, परभणी हा पट्टा तिकडे गेला. प्रशासनाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. खेळाच्या हिशेबात मात्र लातूरसारखा कुस्तीचा बालेकिल्ला एका फटक्यात संघाबाहेर गेला. उरले संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असे चार जिल्हे. २००४ मध्ये धाराशिवला उपकेंद्र झाले.

तीन नावे

आता या चार जिल्ह्यांतील तीन खेळाडूंकडे पाहू.

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे. शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची पायपीट करणारा शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनच्या थंडीत आणि राजस्थानच्या उन्हात त्याने चाकरी केली. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत तो धावला आणि त्याचे पाय प्रशिक्षकांच्या नजरेत भरले. पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्य आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. या शर्यतीत आशियाई सुवर्ण मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष.

दुसरा राहुल आवारे, बीड जिल्ह्यातल्याच पाटोद्याचा. कुस्तीसाठी त्याला पुणे गाठावे लागले. लातूर जिल्ह्यातून पुढे आलेले रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्या पुण्यातील तालमीत तो घडला. २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य.

तिसरी धाराशिवची सारिका काळे. खो-खो. घरची ओढग्रस्त, खेळ सोडून द्यावा असे वाटण्याजोगे दिवस तिने काढले. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिला घडवले ते धाराशिवच्या मैदानाने. त्याच मैदानावरून आलेली अश्विनी शिंदे २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती.

हिऱ्यांची वानवा या भूमीत नाही, हे यावरून दिसते. परंतु कटू वाटले तरी बोलायला हवे. एकाला सैन्याने हेरले, दुसऱ्याला पुण्याच्या तालमीने, तिसरीला गावच्या मैदानाने. या तिघांच्या यशाची गोष्ट सांगताना कोणाच्याही तोंडी विद्यापीठाचे नाव प्रथम येत नाही. मांडव्याचा मुलगा अठराव्या वर्षी सैन्याच्या भरतीला न जाता आष्टीच्या किंवा बीडच्या महाविद्यालयात दाखल झाला असता, तर त्याचे पाय कोणाच्या नजरेत भरले असते का? या प्रश्नाचे उत्तर छातीठोकपणे ‘होय’ असे देता येत नाही.

अमृतसरचा धडा

साधनांच्या अभावाचे कारण अशा वेळी पुढे केले जाते. त्यासाठी अमृतसरकडे पाहावे. गुरू नानक देव विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले, म्हणजे आपल्या विद्यापीठाहून अकरा वर्षांनी लहान. तेही संलग्न महाविद्यालयांचे, शेतकरी समाजातील मुलांचे आणि सीमेवरच्या जिल्ह्यांचे विद्यापीठ. त्याने मौलाना आझाद चषक वीसहून अधिक वेळा जिंकला आहे. तेथे काय वेगळे झाले? जालंधरचे लायलपूर खालसा, डी.ए.व्ही. अशा महाविद्यालयांनी एकेक खेळ आपला मानला. खेळाडूला शुल्कमाफी, वसतिगृह आणि आहार दिला. एखाद्या महाविद्यालयाची ओळख त्याच्या हॉकी संघावरून व्हावी आणि प्राचार्यांना त्याचा अभिमान वाटावा, अशी तेथील रीत आहे. सराव वर्षभर चालतो, विद्यापीठाचे शिबिर ही त्यावरची शेवटची धार असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शिबिर हीच सुरुवात आणि तोच शेवट.

आपल्याकडे तर पंजाबपेक्षा एक गोष्ट अधिक सोयीची आहे. भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र विद्यापीठाच्याच आवारात आहे. आज ते राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र म्हणून चालते. देशभरातून निवडलेली मुले-मुली तेथे निवासी प्रशिक्षण घेतात. या केंद्राच्या सान्निध्याने शहरात तलवारबाजीसारखा परका खेळ रुजला. फॉइल, एपी, सेबर हे शब्द येथल्या शाळकरी मुलांच्या तोंडी बसले आणि राज्यातील तलवारबाजीचे हे शहर एक प्रमुख ठाणे बनले. हे चित्र निश्चितच आशादायक आहे. परंतु त्याच आवारातील विद्यापीठ आणि चार जिल्ह्यांतील चारशेहून अधिक संलग्न महाविद्यालये यांना त्या केंद्रातील शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाचा, आहारतज्ज्ञांचा, दुखापतींवरील उपचारांचा नित्य लाभ होईल, अशी घडी बसलेली नाही. एका आवारात दोन संस्था आहेत आणि मध्ये एक कुंपण आहे. भूम-परांड्याच्या क्रीडाशिक्षकाला वर्षातून दोन वेळा आठ-आठ दिवस त्या कुंपणापलीकडे शिकायला मिळाले, तर किती फरक पडेल!

क्रीडा विद्यापीठाची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ते या शहरासाठी जाहीर झाले, करोडी येथील जागेची चर्चा झाली. २०२० च्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला, तो मात्र पुण्यातील बालेवाडीसाठी. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेले संकुल तेथे तयार आहे, हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण जेथे आहे तेथेच आणखी द्यायचे ठरवले, तर जेथे नाही तेथे कधीच काही येणार नाही. मागासलेपणाचे गाऱ्हाणे मांडताना घरातील गळतीही लपवता येणार नाही. विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून एकवीस कोटींहून अधिक रुपये एका कंत्राटी संगणक कर्मचाऱ्याने वळते केल्याचा गुन्हा २०२४ च्या डिसेंबरात याच शहरात नोंदला गेला. न्यायालय काय तो निवाडा करील. तोवर एवढे मात्र विचारता येते, की इतकी रक्कम जाताना कोणाच्याही लक्षात कशी आली नाही? मैदानाच्या पैशाकडे रोज पाहणारे कोणी नव्हते, हाच त्याचा अर्थ.

घर, परीक्षा आणि मैदान

आता पालकांशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. मध्यमवर्गीय घरात मूल दहावीपर्यंत खेळते, कारण तोवर खेळ हा ‘छंद’ असतो. अकरावीला शिकवणी वर्ग सुरू होतात आणि बूट माळ्यावर जातात. खेळून पोट भरते का, हा प्रश्न खोटा नाही. २००५ पासून राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचा लाभ अनेकांना झाला. मात्र त्याच आरक्षणापोटी बनावट क्रीडा प्रमाणपत्रांचा बाजार मांडला गेला, हेही राज्याने पाहिले. न खेळता प्रमाणपत्र विकत घेणारा शासनाला फसवतोच, पण त्याआधी तो मैदानावर घाम गाळलेल्या एखाद्या गरीब मुलाची जागा चोरतो. आपल्या ओळखीच्या घरात असे प्रमाणपत्र आले, तर त्या घरी पेढे खायला कोणी जाऊ नये.

परीक्षांचा प्रश्न विद्यापीठाच्या हाती आहे. सत्र पद्धती आल्यापासून पहिल्या सत्राची परीक्षा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम वारंवार एकमेकांवर येतात. खेळाडूने परीक्षा द्यावी की संघाबरोबर जावे? पुनर्परीक्षेची सोय असते, तरी त्या कागदपत्रांचे हेलपाटे घालता घालता मुलगा मेटाकुटीला येतो आणि पुढच्या वर्षी शिबिराचे नाव काढत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील अभ्यासक्रमांत क्रीडेला श्रेयांक मिळू लागले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र श्रेयांक नोंदवायला महाविद्यालयात शिक्षक हवा. विनाअनुदानित महाविद्यालयांत पूर्णवेळ शारीरिक शिक्षण संचालक नेमला जात नाही, आणि अनुदानित महाविद्यालयांत निवृत्तांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद केली आहे. त्या मंडळाने एखादे वर्ष तरी केवळ या रिक्त जागांवर बैठक घ्यावी.

मुलींचा प्रश्न याहून बिकट. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुली बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत मोठ्या संख्येने आहेत. बहुतेक तोडणीचा हंगाम आणि स्पर्धांचा हंगाम एकाच वेळी येतो. शाळेत खो-खो खेळणारी चपळ मुलगी बारावीनंतर दिसेनाशी होते. तिचे लग्न झालेले असते किंवा ती फडात असते. वसतिगृहाची एक खोली आणि दोन वेळचे जेवण एवढ्यावर अशा मुलीची तीन वर्षे वाचू शकतात. गावोगावच्या सेवाभावी मंडळींनी मनावर घेतले, तर यासाठी शासनाच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्यात एक महाविद्यालय, त्यात एक खेळ आणि दहा मुलींच्या निवासाची सोय. चार जिल्ह्यांत याचा हिशेब कोणीही कागदावर मांडून पाहावा. रक्कम आवाक्याबाहेरची निघणार नाही.

आणखी एक साधी गोष्ट. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना प्रेक्षक नसतात. मैदानाच्या कडेला उभे असतात ते राखीव खेळाडू, दोन-चार शिक्षक आणि चहावाला. शेगावच्या किंवा पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्यांना पाणी द्यायला धावणाऱ्या या समाजाला आपल्याच गल्लीतील मुलगा विद्यापीठाच्या संघात आहे, याची वार्ताही नसते. पाऊस संपताच यंदाचे सामने सुरू होतील. वेळापत्रक महाविद्यालयाच्या फलकावर लागते, सामने सकाळी लवकर सुरू होतात आणि तेथे तिकीट नसते.